सकाळी लोणी, दुपारी चिकट: डिझेल वेल्डिंग सेट आपल्या हाताला बसवताना

सकाळी आठला सेट चालू केला की वेल्डिंगचे पहिले दहा-पंधरा रॉड लोण्यासारखे जातात. अकरा वाजले की रॉड चिकटायला लागतो. करंटचा टप्पा एक वाढवला की रूटला, म्हणजे जोडाच्या तळातल्या पहिल्या थराला, भोक पडतं, परत खाली आणला की पुन्हा चिकटतो. संध्याकाळपर्यंत मशीनला शिव्या घालून होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मशीन शहाण्यासारखं चालतं. मिस्त्रीला दाखवावं तर तो नेमका सकाळीच येतो.

माझं हे रडगाणं दोन हंगाम चाललं. काम उपसा सिंचनाच्या पाइपलाइनचं, नदीकाठापासून माळापर्यंत. दहा इंची एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, जाडी सहा मिली. ट्रॉलीवर दोन सिलिंडरचा एअर कूल्ड डिझेल सेट, जुन्या पद्धतीचा. आत डीसी जनरेटर, त्याचा कम्युटेटर (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) आणि त्यावर घासून करंट घेणारे कार्बन. पुढच्या पॅनलवर दोन नियंत्रणं: एक टप्प्यांचा स्विच, दुसरा गोल फिरणारा बारीक नॉब, म्हणजे रिओस्टॅट. खाली लिहिलंय ते अशाच सेटबद्दल.

मला वाटायचं सेट खराब आहे. मामांना वाटायचं माझा हात खराब आहे. मामा म्हणजे आमच्या टोळीतले जुने वेल्डर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. एकदा माझा होल्डर हातातून घेऊन त्यांनी त्याच सेटिंगवर अख्खा रॉड न चिकटवता संपवला आणि म्हणाले, "पोरा, तू रॉड दाबून चालवतोस, मी उचलून चालवतो. मशीन एक, ते कुणाकुणाचं ऐकणार?"

मी म्हटलं, "मामा, सकाळी तर माझंही ऐकतं."

त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मला ते मिळायला बरेच दिवस लागले, कारण एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या: मशीनमधला खरा बिघाड, मशीन तापण्याचा परिणाम, आणि माझा हात. त्या वेगळ्या न काढता नॉब फिरवत बसलं की बिघाडावर पांघरूण घातलं जातं आणि सेटिंग रोज बदलत राहतं.

आधी इंजिन

जनरेटरचा व्होल्ट स्पीडवर अवलंबून असतो. हे सेट बहुतेक १५०० आरपीएमला चालवायचे असतात. लोड नसताना स्पीड थोडा वर, लोड आला की थोडा खाली, हा गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा स्पीड सांभाळणाऱ्या भागाचा, स्वभावच आहे. पण आर्क लावल्यावर इंजिन दबकन बसत असेल, आवाज जड होत असेल, धूर काळा पडत असेल, तर नॉबला हात लावू नका. स्पीड दहा टक्के पडला की व्होल्ट दहा टक्क्यांवर थांबत नाही. फील्डला (जनरेटरमध्ये चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला) करंट देणारा एक्सायटरही त्याच शाफ्टवर फिरतो, तोही त्याच वेळी ढिला पडतो. घसरण दुहेरी होते.

टॅकोमीटर सगळ्यांकडे नसतो. सेटवर दिव्यासाठी २३० व्होल्टचं एसी सॉकेट असेल आणि मल्टिमीटरवर हर्ट्झचा पर्याय असेल तर काम सोपं आहे. चार पोलच्या आल्टरनेटरला १५०० आरपीएम म्हणजे ५० हर्ट्झ. लोड नसताना ५२ च्या आसपास आणि आर्क चालू असताना ५० च्या जवळपास दिसलं तर इंजिन ठीक. आर्क लावल्यावर ४६-४७ दाखवत असेल तर दोष पुढे पॅनलमध्ये नाही, मागे इंजिनात आहे. ज्या सेटचं ते सॉकेट डीसी असतं तिथे ही युक्ती चालत नाही. अशा सॉकेटला एसीची मोटर लावून ती जळवून घेण्याआधी सॉकेटवरची पाटी वाचा.

माझ्या बाबतीत एअर फिल्टर होता. ट्रॉली उसाच्या रानातून, फुफाट्यातून ओढत न्यायची आणि फिल्टर मात्र ऑइल बदलतानाच बघायचा, अशी आमची पद्धत. उघडला तर आत वाटीभर माती. तो साफ केला, डिझेल फिल्टर बदलला, अर्धी तक्रार तिथेच गेली. गव्हर्नरची स्प्रिंग ओढून रेस वाढवायचा सल्ला चार जणांनी दिला होता. तो ऐकला नाही याचं अजून बरं वाटतं, कारण तसं केलं असतं तर फिल्टर साफ झाल्यावर सेट १७०० ला पळाला असता.

मग केबल

हे प्रकरण कंटाळवाणं आहे, पण पैसे इथेच जातात. ३५ चौरस मिलीची तांब्याची केबल, ४० मीटर जायची आणि ४० मीटर यायची, असं धरलं तर १२० अँपिअरला साधारण पावणेपाच व्होल्ट वाटेतच खर्च होतात. त्याच जाडीची अॅल्युमिनियम केबल असेल तर साडेसात-आठ व्होल्ट. आर्कला एकूण लागतात २५ च्या आसपास, म्हणजे आठ व्होल्ट ही थट्टा नाही. अॅल्युमिनियम घ्यायची तर एक-दोन साइज जाड घ्या.

लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा डोळा) आणि जॉइंट तपासायची पद्धत अगदी गावठी आहे. पाच रॉड सलग ओढा, सेट बंद करा आणि केबलवरून हात फिरवत जा. जिथे चटका बसतो तिथे दोष. माझा चटका होल्डरच्या आत बसला. पितळी स्क्रूखाली तांब्याच्या अर्ध्याअधिक तारा तुटलेल्या, उरलेल्या निळ्या-काळ्या पडलेल्या. सकाळी थंड असताना तेवढ्यावर भागायचं, तापलं की नाही. अर्थिंगचा क्लॅम्प गंजावर किंवा रंगावर लावायची सवय असेल तर तीही इथेच मोजा. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करायला अर्धा मिनिट लागतो.

कार्बन आणि कम्युटेटर

सेट बंद, बॅटरीची तार काढलेली, मगच झाकण उघडा. कम्युटेटरचा रंग चॉकलेटी आणि एकसारखा असेल तर हात लावू नका, ती चमक मिळवलेली असते. काळे पट्टे, जळलेल्या कडा, पट्ट्यांमधून वर आलेला मायका (अभ्रक) दिसला तर काम आहे. घासायचं तर बारीक सँडपेपरने घासा, एमरी वापरू नका. तिची भुकटी पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करते. कार्बन निम्म्याहून कमी उरला असेल तर सगळे कार्बन एकदम बदला, आणि नवीन कार्बनखाली सँडपेपरची पट्टी फिरवून त्याची बैठक कम्युटेटरच्या गोलाईला बसवून घ्या. स्प्रिंग ढिली पडलेली असते, तिकडे कुणी बघत नाही.

बारीक नॉब फिरवताना करंट सरकत न जाता उडी मारत असेल तर रिओस्टॅटच्या तारेवर मळ बसलाय. सेट बंद ठेवून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवला की महिना-दोन महिने निघतात. कायमचा उपाय म्हणजे उघडून साफ करणे.

एवढं सगळं झाल्यावरही माझा सेट दुपारी ढिला पडत होता, पण आता थोडासाच. हा उरलेला ढिलेपणा म्हणजे बिघाड नव्हे.

तापलेलं तांबं

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. फील्डची कॉइल सकाळपेक्षा दुपारी ५० अंशांनी जास्त तापली तर रेझिस्टन्स जवळपास वीस टक्क्यांनी वाढला. त्यामुळे फील्डचा करंट घटला, म्हणून व्होल्ट घटला. आर्क नसताना मशीनच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर डीसीला लावून मी हे मोजलं. एकाच नॉबवर सकाळी ७८ व्होल्ट, दुपारी बारा वाजता ६८. ऑटो आयडल (आर्क नसताना इंजिन आपोआप हळू करणारी सोय) असेल तर मोजताना तो बंद ठेवा, नाहीतर इंजिन हळू असताना भलताच आकडा दिसेल.

आता माझी चूक सांगतो. ७८ चे ६८ झाले की रॉड चिकटायचा आणि मी टप्पा वाढवायचो. टप्पा वाढवून करंट मिळायचा, पण आर्कचा स्वभाव बदलायचा. हरवला होता व्होल्ट, आणि तो परत आणायचं काम बारीक नॉबचं होतं. तो दोन घर पुढे घेतला की सकाळचीच आर्क परत येते. दोन हंगाम मी भलत्याच नॉबशी भांडत होतो.

दोन नॉब म्हणजे काय

बहुतेकांना वाटतं की टप्पा म्हणजे मोठा करंट आणि बारीक नॉब म्हणजे त्यातलाच छोटा फरक. पूर्ण खरं नाही. बारीक नॉब मुख्यतः आर्क नसतानाचा व्होल्ट ठरवतो, टप्पा करंटची पट्टी ठरवतो. त्यामुळे १२० अँपिअर मिळवायचे दोन रस्ते आहेत: खालचा टप्पा आणि बारीक नॉब वर, किंवा वरचा टप्पा आणि बारीक नॉब खाली. मीटरवर दोन्हीकडे १२०, हाताला मात्र दोन वेगळी मशीनं.

ढोबळ हिशेब मांडतो. खऱ्या मशीनची रेषा वाकडी असते, इथे ती सरळ धरली आहे. पहिल्या सेटिंगला आर्क नसताना ८५ व्होल्ट आणि २५ व्होल्टच्या आर्कला १२० अँपिअर. दुसऱ्याला ६० व्होल्ट आणि २५ लाच १२०. आता रॉड दाबून आर्क २१ व्होल्टवर आणली तर पहिल्यात करंट १२८ होतो, दुसऱ्यात १३४. उचलून ३० व्होल्टवर नेली तर पहिल्यात ११०, दुसऱ्यात १०३. रॉड पूर्ण टेकला, म्हणजे शॉर्ट झाला, तर पहिल्यात १७०, दुसऱ्यात २०५ च्या वर.

म्हणजे पहिलं सेटिंग हाताच्या चुका पोटात घालतं. हात थरथरला, आर्क लांब-आखूड झाली तरी करंट फार हलत नाही. आर्क मऊ, रस (वितळलेला धातू) शांत. मामांना हेच आवडतं, यार्डात पाइप फिरवून सपाट रन मारताना मलाही. दुसरं सेटिंग हाताचं ऐकतं. दाबलं की जोर वाढतो, त्यामुळे दाबूनही रॉड चिकटत नाही. उचललं की रस थंड होतो. लाइनवर, पाइप जागेवर बसलेला असताना खालून वर चढवत जायचं, त्यात खालची ओव्हरहेड बाजू, तिथे मला हे लागतं. रूटमध्ये भोक मोठं व्हायला लागलं की मनगट जरा उचलायचं, करंट आपोआप पडतो. नॉबपर्यंत कुणी जायला नको. पहिल्या सेटिंगवर हीच युक्ती केली तर करंट पुरेसा पडत नाही आणि भोक वाढत जातं.

दुसऱ्या सेटिंगचे तोटे आहेत. छर्रे जास्त उडतात. आर्क लांब झाली की पटकन तुटते. आणि लांब केबलचा फटका त्यालाच जास्त बसतो: वाटेत आठ व्होल्ट गेले तर पहिल्या सेटिंगला सोळा अँपिअरचं नुकसान, दुसऱ्याला सत्तावीसचं. म्हणून केबल आधी नीट करा म्हटलं.

बसवायचं कसं

सेट तासभर कामात तापू द्या, मग बसा. थंड सेटवर बसवलेलं सेटिंग दुपारी उपयोगी पडत नाही. ज्या रॉडवर काम आहे तोच रॉड, जी केबल साइटवर लागते तीच आणि तेवढीच केबल, आणि भंगारातला सहा किंवा आठ मिलीचा तुकडा. शक्य असेल तर तो उभा बांधा, सपाट पट्टीवर सगळीच मशीनं चांगली वाटतात. करंट मोजायला टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) लागेल, पण डीसी मोजणारा. घरगुती एसीचा टाँग टेस्टर डीसी केबलवर काहीच सांगत नाही, आणि लोक समजतात मशीनच मेलं.

३.१५ मिलीच्या ७०१८ ला (हा कमी हायड्रोजनचा रॉड) ११० ते १२० अँपिअर धरून सुरू करा. होल्डर पॉझिटिव्हला. एक रॉड नेहमीसारखा चालवा, कुणाला तरी मीटर वाचायला बसवा. मग मुद्दाम दाबा, मग मुद्दाम उचला. तिन्ही आकडे पत्र्यावर खडूने लिहा. दाबल्यावर आठ-दहाच वाढतात आणि तुम्हाला चिकटण्याचा त्रास आहे? टप्पा एक वर, बारीक नॉब खाली, मधला आकडा परत तोच आणा. पुन्हा तीन आकडे. उलट तुमचा त्रास छर्रे, कडेला अंडरकट (खाच) आणि रूटला भोकं हा असेल तर टप्पा एक खाली, बारीक नॉब वर. दोन-तीन फेऱ्यांत हात सांगतो. आवाज ऐका: तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा सलग चर्र आवाज हवा. मधूनमधून फट्-फट् होत असेल तर जोर जास्त आहे किंवा आर्क लांब.

टप्प्याचा स्विच आर्क चालू असताना कधीही फिरवू नका, आतले कॉन्टॅक्ट जळतात. बारीक नॉब चालतो. आणि बारीक नॉब फार खालीही नेऊ नका. ७०१८ ला आर्क धरायला साधारण ६० व्होल्ट तरी हाताशी लागतात. त्याखाली पहिली ठिणगी पडते आणि विझते, अर्धा वापरलेला रॉड तर पुन्हा लागतच नाही.

एक गोष्ट मामांना पटली नाही, तरी लिहितो. ७०१८ लांब आर्कवर चालवायचा रॉड नाही. लांब धरला की हवा आत जाते आणि पिनहोल येतात, मग सेटिंग कुठलंही असो. मशीन हाताला बसवायचं, पण ७०१८ ला हातही थोडा बसवावा लागतो. ६०१३ हा साधा रॉड एवढा लाडावलेला नाही. मामांची लांब आर्क तिथे खपून जाते.

तरीही चिकटत असेल तर

रॉड बघा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ ओल धरतो. कव्हर फुटतं, आर्क खोकते आणि दोष पुन्हा मशीनवर. ते रॉड ३०० अंशांच्या आसपास तास-दीड तास भाजून घ्यावे लागतात. सायलेन्सरवर ठेवून गरम केलेला रॉड वाळला असं समजू नका. हात भाजेल, पण कव्हरच्या आतली ओल त्यानं जात नाही.

फक्त टॅक (तुकडे जागेवर धरून ठेवणारे छोटे टाके) मारतानाच पहिला रॉड चिकटतो आणि लांब रनला त्रास नाही, असं असेल तर ऑटो आयडल तपासा. इंजिन हळू असताना रॉड टेकवला की पूर्ण स्पीड यायला क्षण-दोन क्षण जातात. टॅकिंगच्या वेळी स्विच हायवर ठेवा, डिझेल जरा जास्त जाईल.

घाटावर काम घेतलंत तर लक्षात ठेवा, टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद हरवतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, हे जाणवतं. तिथे मोठ्या रॉडला इंजिन बसायला लागलं तर फिल्टर पाचव्यांदा साफ करण्यापेक्षा ४ मिलीऐवजी ३.१५ घ्या.

नव्या सेटना, आणि इन्व्हर्टर मशीनना, दोन नॉबांऐवजी करंटचा एक आणि आर्क फोर्सचा (दाबल्यावर जोर किती वाढावा याचा) एक असतो. आर्क फोर्स शून्याजवळ म्हणजे माझं पहिलं सेटिंग, वाढवत नेलं की दुसरं. तीन आकड्यांची परीक्षा तिथेही तीच. ज्या सेटला करंटचा एकच नॉब आहे तिथे हे काही करता येत नाही, हातच बदलायचा.

सध्या आमच्या पॅनलवर ऑइल पेंटचे चार ठिपके आहेत. पिवळे दोन मामांचे, लाल दोन माझे, प्रत्येक नॉबला एकेक. बारीक नॉबच्या लाल ठिपक्यापुढे दोन घरं सोडून खिळ्याने एक रेघ ओढली आहे, ती जेवणानंतरची.